एंजिन बंद असताना

सुगी आटोपली की गावातल्या सगळ्या घरांना एकाच सकाळी पीठ संपल्याचं आठवतं. सात वाजायच्या आत गिरणीच्या दारात पिशव्या, डबे आणि पोती यांची रांग लागायची, आणि माणसं आपल्या जागी पिशवीला उभं करून स्वतः कट्ट्यावर गप्पा हाणत बसायची. अशा ऐन हंगामात गिरणीवरच्या गड्याची कंबर गेली. पोतं उचलताना कट् असा आवाज झाला आणि तो आपल्याला ऐकू आला, असं तो म्हणाला. एंजिनाच्या धडधडीत कंबरेचा आवाज ऐकू येईल यावर गिरणीवाल्याचा विश्वास बसला नाही. पण गडी तीन आठवडे आडवा झाला हे खरं, आणि त्याच्या जागी डोक्याला फडकं बांधून गिरणीवाली उभी राहिली हेही खरं.

गिरणी घराला लागूनच होती. डिझेलवर चालणारं एंजिन नवऱ्याच्या वयाचं होतं. ते सुरू झालं की शेजारी उभं राहून कोणी नावाने ओरडलं तरी ऐकू येत नसे, म्हणून या घराने हातांनीच बोलायची सवय करून घेतली होती. पाठीत दोन थापा पडल्या की मागून पोतं येतंय, बाजूला हो. मनगट धरून ओढलं की इकडे ये. दंडाला चिमटा बसला की करतोयस ते चुकतंय. आणि छातीवर तळहात टेकवून धक्का दिला की का म्हणून विचारत बसायचं नाही, मुकाट मागे सरायचं. न सरणाऱ्याचं काय होतं ते बघायला आबा होते. आबा म्हणजे तिचे सासरे. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं एंजिनाच्या पट्ट्याने नेली होती, आणि पुढच्या वर्षांत एंजिनाच्या आवाजाने कान नेले होते. कानांचं त्यांना फारसं वाईट वाटत नव्हतं. ऐकण्यासारखं बोलतंय कोण, असं ते म्हणत.

लग्न होऊन आली तेव्हा तिसऱ्याच दिवशी आबांनी तिच्या पाठीत दोन थापा हाणल्या होत्या. ती घरात पळाली आणि ढसाढसा रडली. माहेरी कोणी बोट लावलं नव्हतं, आणि इथे सासरा चार गिऱ्हाइकांच्या देखत पाठीत घालतो! नवऱ्याने दुपारी समजावलं, तेही दोन वाक्यांत. त्याला आठ वर्षं झाली. आता थाप पडली की ती वळूनही बघत नसे. डावीकडे पाऊलभर सरायची, पोतं खांद्याला घासून पुढे जायचं, आणि तिच्या हातातली पिशवी रिकामी होतच राहायची.

त्या दिवशी अकराच्या सुमारास शाळेतल्या मावशी दारात येऊन काहीतरी ओरडू लागल्या. त्यांचं तोंड नुसतं उघडत होतं आणि मिटत होतं. गिरणीवालीने हात फडक्याला पुसले आणि बाहेर आली.

"बाईंनी बोलावलंय. आत्ताच्या आत्ता."

"का हो? पोरगी बरी आहे ना?"

"तुमची बरी आहे," मावशी म्हणाल्या आणि चालूही लागल्या.

एका जागी ठरत नाही म्हणून तिच्या मुलीला सगळे भिंगरी म्हणत. पाच वर्षांची. जूनपासून शाळेच्या बालवर्गात जात होती आणि हौसेने जात होती. आता मात्र ती वर्गाच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. बाईंच्या टेबलापाशी डेअरीवाल्याचा मुलगा उभा होता. गालांमुळे त्याचं नाव गुबऱ्या पडलं होतं. त्या गालांच्या खाली, हनुवटीवर, पांढरी पट्टी आणि शर्टावर रक्ताचे चार थेंब. मागे त्याचा बाप. दवाखान्यातून तो थेट इथेच आला होता.

"बघा," डेअरीवाला म्हणाला. "डोळे भरून बघा. दोन टाके. तुमच्या लेकीने ढकललं आणि हा उंबऱ्यावर आपटला. दात वाचले हे नशीब."

गिरणीवालीने टेबलाचा आधार घेतला. हात उचलला तर टेबलावर पिठाचा पंजा उमटलेला. ती तो पदराच्या टोकाने पुसायला गेली आणि पीठ बाईंच्या हजेरीवर पसरलं.

"राहू द्या," बाई म्हणाल्या.

"राहू कसं द्या?" डेअरीवाल्याला वाटलं त्याच्याविषयीच चाललंय. "पालक समितीचा प्रमुख आहे मी. या शनिवारी नाही, पुढच्या शनिवारी बैठक आहे. तिथे हा विषय घेणार. वर्गात एक तर ही राहील, नाहीतर आमचा हा." त्याने मुलाची कॉलर धरली, त्याला वळवला आणि निघून गेला.

बाई वयाने तिच्याएवढ्याच असतील. त्यांनी हजेरी झटकली.

"ताई, ही पहिली वेळ असती तर मी सांभाळून घेतलं असतं. दोन आठवड्यांत चौथी आहे. एकीच्या पाठीत गुद्दे घातले. एकाला मनगट धरून अख्ख्या वर्गातून ओढत नेलं. चिमटे तर रोजचेच. मी विचारते, का मारलंस? तर म्हणते, मारलं नाही. वर खोटं बोलते याचं मला जास्त वाईट वाटतं."

"मग आता?"

"समिती म्हणेल, या वर्षी घरी ठेवा. पुढच्या वर्षी बघू."

"घरी म्हणजे गिरणीत," ती म्हणाली. गडी होता तोवर ती बहुतेक वेळ घरात असायची आणि पोर तिच्या नजरेसमोर. आता तीन माणसं गिरणीत, आणि पाच वर्षांची भिंगरी दिवसभर त्या पट्ट्याच्या आसपास. कुठल्या क्षणी कोण कुठे बघत असेल याचा नेम नाही. शाळेचे ते साडेतीन तास होते म्हणून तर तिचे हात दाणे ओतायच्या पेटीवर शांतपणे चालत होते.

तिने मुलीचं मनगट धरलं आणि घराकडे ओढत नेलं. भिंगरी कुरकुर न करता तिच्यामागे तुरुतुरु धावत राहिली.

जेवणापुरतं एंजिन बंद झालं की त्या घरात कानाला दडे बसल्यासारखं व्हायचं. ताटं समोर आली. तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो जेवायचा थांबला नाही, नुसता मुलीकडे बघत राहिला.

"का मारलंस?"

"मारलं नाही."

"मग टाके काय आकाशातून पडले?" म्हणत त्याने डाव्या हाताने तिच्या पाठीत एक रट्टा दिला. भिंगरी रडली नाही. सवयीने थोडी डावीकडे सरकली.

आबांना यातलं काही ऐकू आलं नव्हतं. "काय केलं पोरीने?" त्यांनी विचारलं. मोठ्याने ओरडायचं त्राण गिरणीवालीला नव्हतं. तिने नवऱ्याच्या छातीवर तळहात टेकवून धक्का दिला, आणि स्वतःच्या हनुवटीवरून बोट फिरवून दाखवलं. असं केलं, आणि त्याचं हे फुटलं.

आबांनी मान हलवली. "छातीवर? मग मध्ये काय येत होतं?"

"अहो आबा, शाळेत काय येणार मध्ये!" नवरा ओरडला.

"पोतं," भिंगरी म्हणाली.

घास तोंडाशी नेणारे दोन हात थांबले.

"कसलं पोतं?" आईने विचारलं.

"लांब. खांद्यावरून. दोन मोठे दादा दारातून आणत होते. गुबऱ्या मध्येच उभा होता, बघतच नव्हता. म्हणून मी मागे सर म्हटलं."

"म्हटलंस? तोंडाने?"

भिंगरीने प्रश्न न कळल्यासारखं तिच्याकडे पाहिलं. मग तिने हात वर केला आणि हवेत, छातीच्या उंचीवर, तळहात टेकवला.

चटई होती ती. गुंडाळलेली चटई. बालवर्गाच्या दाराशी गुंडाळून ठेवलेल्या चटया गिरणीवालीने त्याच सकाळी पाहिल्या होत्या. तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं, आणि दोन्ही एकदम आलं की काय करायचं हे तिला सुचेना. पाठीतले गुद्दे म्हणजे बाजूला हो. मनगट धरून ओढलं म्हणजे चल, तुला काहीतरी दाखवते. पोर एकदाही खोटं बोलली नव्हती. ती दिवसभर वर्गात जीव तोडून बोलत होती आणि मुलं रडत होती.

नवऱ्याने आपला डावा हात ताटाखाली घेतला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात मुलीला सोडताना ती बाईंना म्हणाली, "बाई, मी सांगून तुम्हाला पटायचं नाही. एकदा दळण घेऊन या."

बाई आल्या. शाळा सुटल्यावर तीन किलोंची पिशवी हातात घेऊन आल्या आणि नवखं माणूस उभं राहतं तिथेच, म्हणजे नेमक्या वाटेत, उभ्या राहिल्या. गिरणीवाली खूण करणार तोच आबा पोतं घेऊन मागून आले आणि त्यांनी रिकाम्या हाताने बाईंच्या पाठीत दोन सणसणीत थापा दिल्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. बाई लालबुंद होऊन बाजूला वळल्या, तोंड उघडलं, आणि ज्या जागी त्या उभ्या होत्या तिथून साठ किलोंचं पोतं डुलत पुढे गेलं. आबांनी जाता जाता त्यांच्याकडे बघून दिलखुलास मान हलवली. सांभाळून, पोरी, असं त्यांना म्हणायचं होतं.

बाई भिंतीला चिकटून पंधरा मिनिटं उभ्या राहिल्या. त्यांनी भिंगरीला बघितलं. ती दारातल्या पिशव्यांचे बंद सोडत होती. बापाने तिच्या खांद्याला बोट लावलं, तिने दोरी दिली. तिने आजोबांच्या दंडाला चिमटा काढला, आजोबांनी चुकीची पिशवी खाली ठेवून बरोबर उचलली. सगळं इतकं भराभर आणि इतकं समजुतीने चाललं होतं, की बाईंनी शेवटी चष्मा काढून ओढणीच्या टोकाने पीठ पुसलं आणि एंजिनाकडे बोट दाखवून हात आडवा केला. बंद करा.

एंजिन थांबलं.

"मी चुकले," बाई आधी तेच म्हणाल्या. "का मारलंस, एवढंच विचारत राहिले. काय सांगत होतीस, हे एकदाही विचारलं नाही." त्या पुढे म्हणाल्या, "पण ताई, तिचा हेतू चांगला होता म्हणून त्या मुलाचे टाके खोटे होत नाहीत. वर्गात बावीस मुलं आहेत. त्यांच्या घरी थाप म्हणजे मार. तिला दुसऱ्या तऱ्हेनेही बोलता आलं पाहिजे. मी शिकवीन. आधी हात स्वतःच्या छातीवर ठेवायचा, म्हणजे तो दुसरीकडे जात नाही. मग नाव घ्यायचं. मग काय हवंय किंवा काय नकोय ते सांगायचं. आणि मग समोरच्याचं उत्तर येईपर्यंत थांबायचं. तिलाच नाही, सगळ्या वर्गाला शिकवीन. गरज सगळ्यांनाच आहे."

"शिकवा की मग," गिरणीवाला म्हणाला.

"माझ्याकडे ती साडेतीन तास असते. घरी आल्यावर तिने हे कोणाशी करायचं? इथे तर कोणी कोणाचं नावच घेत नाही."

"नाव घेऊन ऐकू कुठे येतंय?"

"तेच म्हणते मी. ती आल्यावर अर्धा तास हे बंद ठेवा."

गिरणीवाला हसला. हंगामात, रांग दारापर्यंत असताना! आणि हे एंजिन काय दिव्याचं बटण होतं? एकदा थंड झालं की सुरू करायला वरची खिट्टी उचलून धरायची, हँडल गरागरा फिरवत वेग घ्यायचा, नेमक्या वेळी खिट्टी सोडायची. वेळ चुकली की हँडल उलटं फिरतं आणि मनगट मोडतं. त्याचा उजवा खांदा दोन वर्षांपासून दुखत होता. दिवसातून दोनदा हँडल मारायचं म्हणजे त्याला पुरे होत असे.

"बघू," तो म्हणाला. या घरात बघू म्हणजे नाही, हे बाईंना ठाऊक नव्हतं. त्या आनंदाने पीठ घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी पाऊण वाजता भिंगरी दप्तर घेऊन दारात आली. गिरणीवालीने हातातली पिशवी पूर्ण रिकामी केली, एंजिनापाशी गेली आणि डिझेलचा खटका खाली ओढला. एंजिन दोन-चार उचक्या देऊन गप्प झालं. कट्ट्यावरच्या गप्पाही थांबल्या.

"काय झालं?" नवरा पेटीमागून बाहेर आला.

"मी बंद केलं."

"वेड लागलं का तुला? रांग बघ. आणि चालू कोण करणार?"

"मी करेन."

कट्ट्यावर कोणीतरी खो खो हसलं. ती मुलीसमोर पायरीवर बसली, हात छातीवर ठेवला, मुलीचं नाव घेतलं. पाळण्यातलं खरं नाव, जे घरात वर्षभर कोणी उच्चारलं नसेल. भिंगरीने आधी मागे कोणी उभं आहे का ते बघून घेतलं.

"आज काय केलंत शाळेत?"

"काही नाही."

मग दोघींनाही पुढे काय बोलायचं ते कळेना. अर्धा तास फार मोठा असतो. पण ती थांबली. थांबणं हेच सगळ्यात अवघड होतं. शेवटी भिंगरी म्हणाली की गुबऱ्या आज तिच्याजवळ बसला नाही. मग म्हणाली की तिला ते आवडलं नाही. मग बराच वेळ गेल्यावर म्हणाली, "तो मला घाबरतो. मी काही पट्टा आहे का?"

गिरणीवालीने मुलीला कुशीत घेतलं, आणि ते तरी दोघींना न शिकवता येत होतं.

सव्वा वाजता ती हँडलला भिडली. पहिल्या वेळी वेगच आला नाही. दुसऱ्या वेळी खिट्टी लवकर सुटली, हँडल उलटं आलं आणि तिच्या मनगटावर बसलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. कट्ट्यावरचं हसणं बंद झालं. नवरा पुढे आला, तिने त्याला हाताने नाही, तोंडाने सांगितलं, "थांबा. मला करू द्या." तिसऱ्यांदा एंजिन धडधडलं. मनगट आठवडाभर सुजलेलं राहिलं, पण त्या क्षणी तिला इतका अभिमान वाटला की तिने कट्ट्याकडे मान वळवून एकेकाकडे नीट बघून घेतलं.

त्यानंतर खटका नवराच ओढू लागला. बायकोने पुन्हा हँडल मारावं आणि गावाने बघावं, हे त्याला झेपणारं नव्हतं. दोन गिऱ्हाइकं चिडून दुसऱ्या गावच्या गिरणीला गेली. तिसरं म्हणालं, बरं झालं, अर्धा तास तरी एकमेकांचं ऐकू येतं, आणि कट्ट्यावर पाय पसरून बसलं.

गिरणीवाल्याला बोलायला शिकवणं हे भिंगरीला शिकवण्यापेक्षा कितीतरी कठीण निघालं. तो छातीवर हात ठेवायचा तो एखाद्या गुन्ह्याची कबुली द्यावी तसा. नाव घ्यायचा, सांगायचा, आणि उत्तराची वाट न बघता उठून जायचा. भिंगरी त्याच्यामागे धावत जाऊन म्हणायची, "बाबा, तुम्ही थांबलाच नाहीत!" मग तो परत येऊन बसायचा. आबांना तर काही ऐकूच येत नसे, पण तेही छातीवर हात ठेवून सगळ्यात मोठ्याने बोलायचे, आणि रोज तेच विचारायचे, "आज शाळेत कोणाचं नाव शिकलीस?" भिंगरी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन एकेक नाव ओरडायची. आठव्या दिवशी ते बावीस मुलांपैकी पंधरा जणांची नावं सांगू लागले. आपल्या बहिणीच्या मुलांचीही त्यांना इतकी ठाऊक नव्हती.

सगळंच सुरळीत झालं असंही नाही. बुधवारी बाईंनी दारात गाठून सांगितलं, "आज एकीचं मनगट धरलं तिने. ती रडली." गिरणीवालीचा चेहरा उतरला. "पुढचं ऐका," बाई म्हणाल्या. "मी उठायच्या आत तिने स्वतःच सोडलं. हात छातीवर घेतला आणि म्हणाली, मला तुला मुंग्यांची रांग दाखवायची होती. मग दोघी गेल्या बघायला. मी बैठकीत दोन्ही सांगणार आहे ताई. धरलं तेही आणि सोडलं तेही."

"धरलं तेवढंच ऐकतील ते."

"मग आपण मोठ्याने बोलू," बाई म्हणाल्या.

शनिवारी शाळा सुटल्यावर वीस-बावीस मोठी माणसं बालवर्गाच्या बुटक्या बाकांवर बसली. सगळ्यांचे गुडघे हनुवटीशी आले होते, त्यामुळे रागावलेली माणसंही थोडी विनोदी दिसत होती. डेअरीवाला तेवढा उभा होता. त्याने मुलाला आपल्यासमोर उभं केलं होतं आणि मागून त्याची कॉलर मुठीत धरली होती. गुबऱ्या जरा हलला की कॉलरला हिसका बसे. भिंगरी दाराशी बसलेल्या आईबापाजवळ उभी होती. आबा गिरणीत पिशव्यांच्या राखणीला बसले होते.

बाईंनी सांगितलं. धरलं ते सांगितलं, सोडलं ते सांगितलं, गिरणीत स्वतःच्या पाठीत थापा खाल्ल्या तेही सांगितलं. काही जण हसले. मग गिरणीवाली बोलायला उठणार, तोच तिच्या शेजारून नवरा उठला. भुवयांवर पीठ तसंच होतं. चारचौघांत तो कधी तीन वाक्यांच्या वर बोललेला कोणाला आठवत नव्हता.

"तिने मारलेलं नाही," तो म्हणाला. "म्हणजे लागलं, ते खरं. टाके पडले, ते खरं. पण ती आमच्यासारखी बोलत होती. आम्ही तिला तेवढंच शिकवलं होतं. दोष द्यायचा तर मला द्या. शाळेतून मला काढा."

"म्हणजे आता आमच्या मुलांनी तुमच्या थापा शिकायच्या का?" मागून एका आईने विचारलं. हशा पिकला. गिरणीवाल्याची सगळी वाक्यं संपली होती. तो मान खाली घालून उभा राहिला.

"बोलायला सगळ्यांना येतं," डेअरीवाला म्हणाला. "मुलीला पुढे बोलवा. सगळ्यांसमोर बघू काय शिकलीय."

भिंगरीने एवढी माणसं एकदम आपल्याकडे बघताना कधी पाहिली नव्हती. ती जागची हलेना. बाप घामाघूम झाला. आता हिने काहीच केलं नाही तर संपलं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. तो खाली वाकला आणि तिच्या पाठीत त्याने दोन थापा दिल्या.

खोलीभर आवाज घुमला. गिरणीवालीने डोळे मिटले.

"बघा!" डेअरीवाला ओरडला. "बघितलंत? घरातूनच आहे हे!"

भिंगरी वळली. पुढे नाही, बापाकडे. तिने उजवा हात स्वतःच्या छातीवर ठेवला.

"बाबा," ती म्हणाली. "थाप नको. मला लागतं. तोंडाने सांगा."

आणि ती थांबली.

गिरणीवाला बायकोकडे बघू लागला. बायकोने काही केलं नाही. तो बाईंकडे बघू लागला. बाई हजेरी उगाच चाळत राहिल्या. सगळ्या गावासमोर, बुटक्या बाकांवरून वर बघणाऱ्या त्या सगळ्या चेहऱ्यांसमोर, पाच वर्षांची मुलगी त्याच्या उत्तराची वाट बघत होती आणि तिला कसलीही घाई नव्हती. त्याचे कान लाल झाले. मग तो तिच्या उंचीला येऊन उकिडवा बसला, आणि त्याने छातीवर हात ठेवला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "पुढे जा, एवढंच सांगायचं होतं. मी घाबरलो होतो."

"मी पण," भिंगरी म्हणाली. "जाते."

ती बाकांमधून चालत गेली. डेअरीवाल्याला वाटलं ती त्याच्याकडे येतेय, म्हणून त्याने घसा साफ केला. ती त्याच्याकडे आली नाही. ती त्याच्या मुलासमोर उभी राहिली, हात छातीवरून न काढता.

"गुबऱ्या, तुझी हनुवटी अजून दुखते का?"

गुबऱ्याने तोंड उघडलं तोच मागून कॉलरला हिसका बसला. तो थांबला. मग त्यानेही आपला गुबगुबीत हात स्वतःच्या छातीवर ठेवला आणि मान जमेल तेवढी वर करून बापाकडे पाहिलं.

"बाबा, कॉलर सोडा ना. ती मला विचारतेय." आणि भिंगरीकडे वळून म्हणाला, "हनुवटी नाही दुखत. मान दुखते."

डेअरीवाल्याने हात काढला. तो हात कुठे ठेवायचा ते त्याला बराच वेळ कळलं नाही. आधी खिशात घातला, मग बाहेर काढला, मग मुलाच्या डोक्यावर ठेवायला गेला आणि मध्येच थांबून त्याने विचारलं, "ठेवू का?"

"ठेवा," गुबऱ्या म्हणाला.

"मत घ्यायचं ना?" बाईंनी विचारलं.

"कशाचं मत?" डेअरीवाला खेकसला, पण आवाजात दम नव्हता. "सोमवारी सगळ्यांनी आपापली मुलं वेळेवर पाठवा."

गिरणीवाली तिथेच, चार माणसांत, मोठ्याने रडली. नवरा अजून उकिडवाच होता. उठायला त्याने हात पुढे केला आणि, त्या घरात कधी कोणी केलं नव्हतं तसं, आधी बायकोला नावाने हाक मारली.